करवंटीचा कोळसा आणि जुवारीचे पाणी

कचऱ्यापासून केलेल्या कोळशासारख्या पदार्थाने जहाजांच्या रंगातून समुद्राच्या पाण्यात उतरलेले विष ओढून घेता येते, असे कुठे छापून आले की गोव्यात लगेच दोन तट पडतात. एका तटाला वाटते, आता करवंट्या, काजूची टरफले, भाताचा तूस, औष्णिक केंद्रांची राख यांचे सोने होणार आणि जुवारी-मांडवी या नद्या धुऊन निघणार. दुसरा तट विचारतो, समुद्रात घाण काय कमी आहे म्हणून वर राखही ओतायची? पहिला प्रयोगशाळेतल्या टक्केवारीवर भाळलेला, दुसरा कचरा म्हटल्यावर पुढचे ऐकायलाच तयार नाही. दोघेही हे गृहीत धरून बोलतात की हा पदार्थ उघड्या समुद्रात टाकायचा आहे. माझे म्हणणे आधीच सांगतो. हे तंत्र खरे आहे आणि गोव्याने ते वापरले पाहिजे, पण जहाजदुरुस्तीच्या आवारातून बाहेर पडणाऱ्या नाल्याच्या तोंडाशी, बंद टाकीत. नदीत नाही, खाडीत नाही, समुद्रात तर नाहीच. आणि विषाने भरलेला कोळसा शेवटी कोण उचलणार हे लेखी ठरल्याशिवाय पहिली टाकीसुद्धा बसवू नये.

विष कोणते ते नीट पाहिले पाहिजे, कारण वादात त्याचे नावही फारसे घेतले जात नाही. कथिल धातूला कार्बनच्या साखळ्या जोडल्या की सेंद्रिय कथिल संयुगे होतात; त्यांपैकी सर्वांत कुप्रसिद्ध म्हणजे ट्रायब्युटिलटिन, म्हणजेच टीबीटी. पाण्यात बुडालेल्या जहाजाच्या तळावर शेवाळ, बार्नेकल नावाचे कवचधारी जीव, शिनाणे चिकटतात, जहाज जड होते आणि इंधन जास्त जळते. ते टाळण्यासाठी १९६०च्या दशकापासून तळाच्या रंगात टीबीटी घातले जाऊ लागले. रंगाने काम चोख केले, पण तो जहाजापुरता थांबला नाही. फ्रान्समधल्या आर्काशोंच्या उपसागरात १९७०च्या दशकाच्या अखेरीस कालवांची पैदास कोसळली, उरलेल्यांची कवचे जाड आणि वेडीवाकडी होऊ लागली. फ्रान्सने १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान नौकांवर या रंगाला बंदी घातली, ब्रिटनने १९८७ मध्ये तेच केले. असे रंग जगभर बंद करणारा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा करार २००१ मध्ये झाला आणि सप्टेंबर २००८ मध्ये लागू झाला. अटलांटिक किनाऱ्यावरच्या एका समुद्री गोगलगायीच्या माद्यांना लिटरभर पाण्यात एक नॅनोग्रॅमच्या, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या, आसपास टीबीटी असले तरी नराचे लिंग फुटू लागते. मात्रा वाढली की अंडी बाहेर पडण्याची वाट बंद होते आणि मादी वांझ राहते. ही गोष्ट फक्त युरोपातली नाही. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९९९ मध्ये भारतीय पाण्यातली अशीच नोंद प्रसिद्ध केली. त्या गोगलगायीच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे: क्रोनिया कोंकणेन्सिस.

यावर पहिला आक्षेप असा, की बंदी येऊन इतकी वर्षे झाली, मग आता ही उठाठेव कशाला? आक्षेप बिनबुडाचा नाही. आर्काशोंमध्ये बंदीनंतर काही वर्षांतच कालवे परत आली, आणि ती कोणत्याही गाळणीने आणली नव्हती, रंग थांबल्यामुळे आली होती. या विषयातला सर्वांत मोठा विजय कायद्याचा आहे, रसायनशास्त्राचा नाही, हे मान्यच करायला हवे. पण बंदीने पुढचा पुरवठा थांबतो, तळाशी साचलेले जात नाही. उघड्या, उजेडाच्या पाण्यात टीबीटी काही दिवसांत ते काही आठवड्यांत तुटते. गाळात, जिथे प्राणवायू पोचत नाही तिथे, ते वर्षानुवर्षे, कधी दशकानुदशके टिकते. बंदराचा मार्ग खोल करण्यासाठी गाळ उपसला की ते पुन्हा वर येते. करारातही फट आहे. तपासणी आणि प्रमाणपत्राची सक्ती आहे ती आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ४०० टनांवरच्या जहाजांना. जुना रंग खरवडून न काढता त्यावर रोधक थर देण्याचीही मुभा आहे, आणि तो थर कधीतरी निघतोच. आमच्या नद्यांत कोण फिरते? खनिज वाहणाऱ्या बार्ज, ट्रॉलर, पर्यटकांच्या बोटी. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा किती बार्ज मांडवी-जुवारीच्या कडेला गंजत पडल्या ते सगळ्यांनी पाहिले. त्यांच्या तळावर कोणत्या वर्षी कोणता रंग लागला, याची वही कोणाकडे मागायची?

आता पहिल्या तटाची बाजू, आणि ती दणकट आहे. टीबीटीला पाण्यापेक्षा कार्बन जवळचा वाटतो. त्याची ब्युटिलची शेपटे, म्हणजे कार्बनच्या साखळ्या, पाण्याला नको असतात, म्हणून कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून ते कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटते. याला अधिशोषण म्हणतात. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमच्या आत शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग दडलेला असतो, त्यामुळे थोडक्या मालात बरेच मावते. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या संशोधकांनी वीज केंद्राची राख, सक्रिय कोळसा आणि लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण यांची मिश्रणे करून समुद्राच्या पाण्यातली कथिल संयुगे काढून दाखवली. कल्पना हवेतली नाही. टाकाऊ वस्तूने माणसे वाचवल्याचा दाखला त्याहून जुना आहे. पहिल्या महायुद्धात विषारी वायू आला तेव्हा मुखवट्यांसाठी कोळसा कमी पडू लागला, आणि १९१८ मध्ये अमेरिकेत घराघरांतून पीचच्या बिया, अक्रोडाची टरफले, करवंट्या गोळा केल्या गेल्या. ‘जास्त नारळ खा’ असा प्रचारही झाला. ज्या गोव्यात सोरक आणि खतखत्यापासून सोलकढीपर्यंत सगळ्याला नारळ लागतो, तिथे करवंटीचा तुटवडा पडणार नाही.

पण त्याच दाखल्याकडे पुन्हा एकदा पाहा. तो कोळसा सैनिकाच्या मुखवट्यात होता, त्याच्या श्वासाच्या वाटेवर. रणांगणावरच्या हवेत कोळसा उधळून वायू शोषून घ्यावा, असे कोणत्याही सेनापतीला सुचले नाही. मग खाडीत राख पसरायची कल्पना आपल्याला का सुचते?

इथे थोडा हिशेब करू. लिटरला एक नॅनोग्रॅम म्हणजे दहा लाख लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम. एक ग्रॅम टीबीटी गोळा करायचे तर शंभर कोटी लिटर पाणी कोळशातून जायला हवे, तेही मीठ, चिखल, शेवाळ, कुजलेली पाने असलेले, आणि यातला बराच सेंद्रिय माल कोळशाच्या छिद्रांवर आधी हक्क सांगतो. उलट जहाजाचा तळ दाबाच्या पाण्याने धुतला की त्या धुवणात हेच विष समुद्रापेक्षा हजारो पटींनी दाट असते. पकडायचे ते तिथेच, पसरण्याआधी. शेणाने सारवलेल्या अंगणात तेल सांडले तर ते वाटीभर असतानाच पुसतात, पावसाने गावभर नेल्यावर नाही.

प्रयोगशाळेच्या टक्केवारीबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. ‘नव्याण्णव टक्के विष निघाले’ हे वाक्य ऐकायला छान आहे, पण कशाच्या नव्याण्णव टक्के? समजा धुवणात लिटरला एक लाख नॅनोग्रॅम टीबीटी आहे. नव्याण्णव टक्के काढले तरी हजार नॅनोग्रॅम उरले, आणि गोगलगायीच्या माद्यांचे बिघडायला एक पुरतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याने जहाजांच्या आवारातल्या सांडपाण्यासाठी टक्का सांगितला नाही, आकडा सांगितला: लिटरला ५० नॅनोग्रॅम. तो गाठण्यासाठी तिथे दाणेदार सक्रिय कोळसा वापरला गेला, आणि ते अवघड ठरले. बरेच प्रयोग लिटरला मिलिग्रॅमच्या भाषेत होतात, म्हणजे खऱ्या पाण्याच्या लाखो पट दाट द्रावणात. तिथे जो पदार्थ पहिला येतो तो नॅनोग्रॅमच्या दुनियेतही पहिला येईलच असे नाही. गोव्यात कोणी हा प्रकल्प मांडला, तर टक्का ऐकून टाळ्या वाजवण्याआधी एकच विचारावे: बाहेर पडताना लिटरमागे किती उरले?

प्रयोगाच्या पात्रातून समुद्रात जाताना कसे उलटते, हे सागरी इतिहासाने एकदा फार छान शिकवले आहे. लाकडी जहाजांना किडे पोखरत, म्हणून ब्रिटिश नौदलाने अठराव्या शतकात तळावर तांब्याचे पत्रे ठोकायला सुरुवात केली. पत्रे झिजू लागले, तेव्हा १८२४ मध्ये नामवंत इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने उपाय काढला: तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडायचे. प्रयोग यशस्वी झाला, तांबे झिजायचे थांबले. पण जहाजे समुद्रात गेली तेव्हा तळावर पुन्हा शेवाळ आणि बार्नेकल चढले. झिजून पाण्यात उतरणारे तांबेच त्यांना दूर ठेवत होते आणि डेव्हीने नेमके तेच थांबवले होते! डेव्ही काही सामान्य माणूस नव्हता. त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बरोबरच होते, समुद्राने मात्र वेगळा प्रश्न विचारला. बाजारात नवा अधिशोषक आला की मला ते पत्रे आठवतात.

उघड्या पाण्यातल्या वापराच्या बाजूने सर्वांत वजनदार उदाहरण नॉर्वेचे आहे, आणि विरोधक ते टाळतात म्हणून मी मांडतो. ग्रेनलँडच्या फिओर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीत, डायॉक्सिन या विषारी रसायनाने दूषित झालेल्या तळावर २००९ मध्ये सक्रिय कोळसा मिसळलेल्या मातीचा पातळ थर पसरला गेला. विषाचे पाण्यात झिरपणे कमी झाले, म्हणजे तत्त्वतः हे जमते. पण त्याच अभ्यासांत हेही दिसले की कोळशाच्या थराखाली आणि आत राहणाऱ्या जिवांची विविधता घटली. शिवाय फिओर्ड खोल आणि शांत असतो. जुवारीचा तळ असा आहे का? दर जूनमध्ये घाटावरून लाल पाण्याचे लोंढे येतात, भरती-ओहोटी दिवसातून दोनदा खाडी ढवळते, वर जहाजांची ये-जा. आज पसरलेला थर गणेशचतुर्थीला कुठे असेल हे कोण सांगणार? आणि नॉर्वेच्या त्या तळातले किडे कोणी जेवत नाही. इथे तिसऱ्या, खुबे, शिनाणे तळातून काढून थेट ताटात येतात. जुवारीतल्याच चिखलीच्या उपसागरात त्या पातळ, अर्धपारदर्शक शिंपल्यांची वस्ती आहे, ज्यांचे तुकडे काचेऐवजी बसवलेल्या खिडक्या जुन्या गोव्याच्या घरांत आजही दिसतात. त्यांच्यावर कोळशाची चादर घालून त्यांना टीबीटीपासून वाचवले, असे म्हणायचे धाडस माझ्यात नाही.

दुसऱ्या तटाची भीती मात्र पूर्ण खोटी नाही, आणि ती ‘कचरा तो कचराच’ या घोषणेपेक्षा जास्त नेमकी मांडता येते. राखेत आर्सेनिक, क्रोमियम, सेलेनियम असू शकते, आणि काही परिस्थितीत ते पाण्यात सुटते. काजूच्या टरफलात अंग भाजणारे फिनॉलयुक्त तेल असते. भट्टीवर काम केलेल्या बायकांचे हात पाहिलेल्याला ते वेगळे सांगावे लागत नाही. कच्चे टरफल पाण्यात टाकले तर एक विष काढताना दुसरे सुटेल. म्हणून कोणत्या कचऱ्याचे काय करायचे हा प्रश्न खरा आहे. पण त्याचे उत्तर चाचणी आहे, नकार नाही. नारळाच्या करवंटीचा सक्रिय कोळसा जगभर पिण्याच्या पाण्यासाठी वापरला जातो. जो गृहस्थ ‘कचऱ्याने पाणी शुद्ध होत नाही’ म्हणून टेबल ठोकतो, त्याच्या स्वयंपाकघरातल्या फिल्टरमध्ये बहुधा करवंटीच बसलेली असते. कचरा होता तो भट्टीत जाण्यापूर्वी. भट्टीतून निघतो तो उत्पादित माल, आणि त्याला मालाचेच निकष लावले पाहिजेत: किती राख, काय सुटते, किती धरते. गोव्यात कोळशावर चालणारे औष्णिक केंद्र नाही, त्यामुळे राख बाहेरून आणावी लागेल. मग दारातली करवंटी सोडून दुसऱ्याची राख आणायची हौस कशाला?

आता खरे काम कुठे आहे ते पाहू. गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ट्रॉलर किनाऱ्याला लागतात, तळ खरवडले जातात, नवा रंग चढतो. नेमके याच दोन महिन्यांत पाऊस सर्वांत जोराचा. म्हणजे वर्षभरात सर्वांत जास्त रंगाचे कपचे जमिनीवर पडतात तेव्हाच त्यांना नदीत नेणारे पाणीही सर्वांत जास्त असते. आपल्या हवामानाने आणि आपल्याच कायद्याने मिळून केलेली ही जोडी कोणत्याही परदेशी अहवालात सापडणार नाही, पण गोव्याच्या प्रश्नाचे मर्म तिथे आहे. अशा पावसात उघड्या आवारातले सगळे पाणी कोळशाच्या टाकीतून न्यायचे म्हटले तर टाकी तासाभरात ओसंडेल. म्हणून कोळशाच्या आधी तीन साधी कामे येतात. खरवडण्याच्या जागेवर छप्पर आणि भोवती बांध, म्हणजे पावसाचे पाणी वेगळे आणि धुवण वेगळे. तळाखाली ताडपत्री आणि कोरडी झाडलोट, कारण कपच्यातले विष कोळसा ओढू शकत नाही, कपचा झाडूनेच उचलावा लागतो. मग निवळण्याची टाकी. या तिन्हीनंतर जे थोडे, दाट, निवळलेले पाणी उरते त्याच्यासाठी करवंटीचा कोळसा, एकामागे एक दोन टाक्यांत, म्हणजे पहिली भरली की दुसरी सांभाळते आणि तपासणीला वेळ मिळतो. आजच्या रंगांत टीबीटी नसले तरी तांबे असते, आणि विरघळलेल्या तांब्याला कोळसा तितकासा भाव देत नाही. तिथे शिंपल्यांची पूड कामी येते, तीही आपल्याकडे ढिगाने आहे. यात चमत्कार काहीच नाही. कदाचित म्हणूनच यावर कोणी परिसंवाद भरवत नाही.

उरतो तो राजकीय आक्षेप, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. जुवारीकाठच्या नावशीच्या मच्छीमारांनी मरिनाला, म्हणजे हौशी बोटींच्या धक्क्याला, विरोध केला, मुरगावात लोक बंदरातल्या दगडी कोळशाच्या धुळीविरुद्ध रस्त्यावर उतरले. त्यांचा अनुभव असा की ‘उपाय आहे’ असे म्हटले की परवानगी सोपी होते आणि उपाय कागदावर राहतो. उद्या कोणी म्हणेल, आमच्याकडे हरित कोळशाची गाळणी आहे, तेव्हा आणखी शंभर बोटी नांगरू द्या. हा धोका मी नाकारत नाही. पण म्हणून गाळणीच नको म्हणणे म्हणजे आज जी आवारे चालू आहेत त्यांना फुकट सूट देणे आहे. गाळणी ही नव्या परवान्याच्या बदल्यात द्यायची सवलत नसावी, जुन्या परवान्याच्या नूतनीकरणाची अट असावी. आणि तिचे यश आवाराच्या मालकाने दिलेल्या अहवालावर मोजू नये. किनाऱ्यावरची गोगलगाय उचलावी आणि माद्यांची तपासणी करावी. १९९९ ची नोंद हाताशी आहे, संस्था दोना पावलाला आहे, विद्यापीठ ताळगावच्या पठारावर आहे, आणि तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी टीबीटी सहन करणाऱ्या, ते तोडणाऱ्या समुद्री जिवाणूंवर कामही केले आहे. कोळशाने पकडायचे आणि जिवाणूंनी तोडायचे, अशी जोडी कोणी इथेच का तपासू नये?

कारण कोळसा काही तोडत नाही. तो फक्त धरून ठेवतो, आणि पहिला तट नेमके हेच वाक्य गाळतो. पाण्यातले विष कमी झाले तेवढे ते कोळशात आले. टाकी भरली की हातात उरते ते पाण्यापेक्षा कितीतरी दाट विष, पोत्यांत. ते उघड्यावर ठेवले आणि पावसात भिजले, तर सगळा खटाटोप वाया. ते विटेत मिसळतो, रस्त्यात भरतो, असे सांगणारेही भेटतील. मडगावचा कचरा गावाबाहेर नेला तेव्हा तो गेला असे वाटले होते, पण तो सोनसोडोच्या ढिगाऱ्यात होता. योग्य वाट म्हणजे नियंत्रित भट्टीत उच्च तापमानाला भाजणे, ज्यात सेंद्रिय भाग जळून कथिलाचे ऑक्साइड उरते. तिला पैसा लागतो. करवंटीचा कोळसा स्वस्त असल्याचा जो हिशेब दाखवला जातो त्यात बहुतेक वेळा हा शेवटचा खर्च धरलेला नसतो. तो धरला तर कोळसा स्वस्त राहत नाही, पण खाडी धुण्यापेक्षा तरीही फार स्वस्त पडतो. हा खर्च ट्रॉलरवाल्या लहान मालकाच्या माथी मारला तर तो रात्री नदीकाठी तळ खरवडेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. म्हणून सामायिक आवार हवे, जिथे बंदीच्या दोन महिन्यांत कोणीही ट्रॉलर आणून रास्त दरात छपराखाली काम करू शकेल. भरलेली पोती २०१६च्या घातक कचरा नियमांखाली नोंदवून पाठवण्याची जबाबदारी आवाराची, आणि पैसा बंदरात येणाऱ्या मोठ्या जहाजांच्या शुल्कातून. हा रंग पन्नास वर्षांपूर्वी आपल्या पाण्यात आला तो किनाऱ्यावर जाळे ओढणाऱ्या रापणकाराच्या होडीवरून आला नव्हता.